मासा तिथेच राहतो

इंदू गेल्याचं मला तिच्या नवऱ्याने, शरदरावांनी फोनवर सांगितलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मी मेथी निवडत होते. "शैलाताई, इंदू गेली," एवढंच ते म्हणाले. आंघोळ करून आली, केस पुसत खुर्चीत बसली, आणि संपलं. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. विजय नगरातल्या त्यांच्या घरी मी पोचले तर बाहेर चपलांचा ढीग होता आणि आत एक विचित्र वाद चालला होता. इंदूने कपाटात चिठ्ठी लिहून ठेवली होती. 'माझी राख नर्मदेत सोडू नये. फूल, दिवा, कापड, काहीही सोडू नये. नदीला नमस्कार करावा आणि घरी यावं.' नागपूरहून आलेला पुतण्या अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होता. जबलपूरसारख्या गावात राहून राख नर्मदेवर ग्वारीघाटाला न्यायची नाही म्हणजे काय, लोक काय म्हणतील, असं तो दोन-तीनदा म्हणाला. आयुष्यभरात ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता ते शरदराव शांतपणे म्हणाले, "ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांना माझ्याकडे पाठव." राख मागच्या अंगणात पेरूच्या बुडाशी गेली. आम्ही ग्वारीघाटाला गेलो ते नुसतेच. ओंजळभर पाणी घेतलं, नदीतच परत सोडलं. ओळखीचे एक पंडितजी पायरीवर उभे राहून बघत होते.

याला आता सहा आठवडे झाले. एवढ्यात लिहायचा माझा विचार नव्हता, पण कॉलेजच्या हॉलमध्ये झालेल्या शोकसभेने मला लिहायला बसवलं. मंचावरून एकामागून एक माणसं सांगत होती की डॉ. इंदुमती टेंबे अतिशय मृदू स्वभावाच्या होत्या, त्यांचं कुणाशी कधी वाकडं नव्हतं. हे धादांत खोटं आहे. मंचावरच्या निम्म्या लोकांशी तिचं वाकडं होतं, आणि प्रत्येकाशी असण्याचं कारण होतं. त्यातल्या एकाने तिची प्रयोगशाळा काढून घेतली होती, दुसऱ्याने तिला विभागप्रमुख होऊ दिलं नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे. पण मग जे चांगलं होतं ते बोला. तिचं भांडणं हेच तिच्यातलं चांगलं होतं.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आले, आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले. इंदू इथलीच. तिचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. तिची मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी गोंधळले होते. स्टाफरूममध्ये ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू आकडेवाली आहेस ना? चल माझ्यासंगे." मी म्हटलं, कशाला? "काहून म्हणजे? मी मोजून राहिली आहे, पण किती मोजलं म्हणजे पुरे ते मला कोणी सांगून नाही राहिलं." प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन तिने मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. समोर जांभळट रंगाच्या लंबगोल पेशी पसरल्या होत्या, प्रत्येकीच्या पोटात एक गडद ठिपका. माशाचं रक्त. आपल्या रक्तातल्या लाल पेशीत केंद्रक नसतं, माशाच्या पेशीत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग तिने स्लाइड थोडी सरकवली. "आता ही पाह्य. मोठ्या ठिपक्याच्या बाजूला एक बारका ठिपका दिसतो?" दिसत होता, मोहरीच्या कणाएवढा. पेशी दुभंगताना आतला जनुकांचा धागा तुटला, तर तुटलेला तुकडा मागे राहतो, मोठ्या केंद्रकात परत जाऊ शकत नाही. तो हा बारका ठिपका. क्रोमियम, शिसं, कॅडमियम अशा धातूंचं पाणी माशाच्या अंगात गेलं की असे ठिपके वाढतात. हजारो पेशी बघायच्या, त्यात किती ठिपके सापडतात ते मोजायचं. शेपटीजवळून एक थेंब रक्त घेतलं तरी पुरतं, मासा मरत नाही. रक्त घेऊन झालं की ती मासा टाकीत सोडायची आणि तो नीट पोहायला लागेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावायची नाही.

खरी गोष्ट सुरू झाली ती गुलाबबाईपासून. गुलाबबाई जबलपुरातल्या कांचघरच्या बाजारात मासे विकते. तिच्या घरातले सगळे शहराबाहेरच्या एका नाल्यात मासे धरत. हा नाला पुढे नदीला मिळतो. त्याच्या काठावर सुट्या लोखंडी भागांना चकचकीत मुलामा चढवणारे कारखाने उभे राहिले होते. नावं मी लिहीत नाही, इथल्या लोकांना ती माहीत आहेत. मासे मलूल होऊन वर येतात, पाण्याला पिवळट झाक असते, अशी तिची तक्रार होती. सरकारी माणसांनी पाणी तपासलं आणि ठीक असल्याचा कागद दिला. तो कागद आणि माशांनी भरलेली बादली घेऊन ती कॉलेजच्या फाटकाशी बसली होती, कारण इथे 'मछलीवाली मॅडम' असते असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. इंदूने कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "साहब लोग बोतल भरने कब आए थे?"

"सोमवार को, दीदी. पहले से चिट्ठी आई थी."

इंदू माझ्याकडे वळली. "चिठ्ठी पाठवून आले. म्हणजे सोमवारी घाण सोडलीच नसंल. बाटलीतलं पाणी फक्त सोमवारचं सांगते, शैला. मासा तिथेच राहतो. मंगळवारी पण, रविवारी पण. आपण माशालेच विचारू."

त्या नाल्यात गिरई नावाचा मासा मिळतो. त्याचं डोकं सापासारखं दिसतं. तो घाण पाण्यातही तग धरतो आणि म्हणून तपासायला सोयीचा. इंदूने दोन महिने तो तपासला, ठिपके मोजले, आणि ते भरपूर सापडले. अहवाल सरकारी कार्यालयात गेला, स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, गुलाबबाईने प्रयोगशाळेत पेढे आणून वाटले. मला वाटलं, काम झालं.

आणि मग इंदूने ते केलं ज्यासाठी मी तिला कित्येक आठवडे माफ केलं नव्हतं. एमएस्सीच्या मुलींना शिकवण्यासाठी ती एका साध्या तळ्यातल्या माशाच्या स्लाइड बनवत होती. त्यातही तिला तसेच ठिपके दिसले. तिने सूक्ष्मदर्शकाचं फोकस हलकेच वरखाली केलं. पेशी धूसर झाली, पण ठिपका काही त्याबरोबर धूसर झाला नाही, उलट चमकायला लागला. म्हणजे तो पेशीत नव्हताच, पेशीच्या वर बसलेला होता. रंगाचा कण होता. पेशी रंगवायचं द्रावण वापरण्याआधी गाळून घ्यावं लागतं, आणि घाईच्या त्या दोन महिन्यांत ते दरवेळी गाळलं गेलं नव्हतं. ती दोन दिवस दार लावून जुन्या स्लाइड परत बघत बसली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. तिने अहवाल मागे घेण्याचं पत्र लिहून आणलं होतं.

मी तिला परोपरीने सांगितलं. सगळेच ठिपके रंगाचे नसतील, काही खरे असतील. नवीन मोजणी होईपर्यंत गप्प बस. कारखानेवाले हेच शोधून राहिले आहेत, असं मी तिच्याच भाषेत म्हटलं.

"काही खरे असंतीलच," ती म्हणाली. "पण कोणते ते मला नाही सांगता येत. मग मी कशाच्या भरवशावर भांडू? त्याईले माहीत आहे ते स्वतः खोटं बोलून राहिले, तरी बोलतात. मीही तसंच करू?"

"तू खोटं बोलली नाहीस, तुझी चूक झाली."

"आजपर्यंत चूक होती. आता माहीत झाल्यावर गप्प बसली तर खोटं होईल."

पत्र गेलं. त्यात तिने कुणालाही दोष दिला नव्हता, मदतनीस मुलींनाही नाही. 'रंग गाळून घेण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पाळली नाही,' असं सरळ लिहिलं होतं. कारखान्यांच्या माणसांनी त्या पत्राच्या प्रती काढून वाटल्या. प्राचार्यांनी तिला बोलावून कॉलेजची अब्रू गेल्याचं सांगितलं. गुलाबबाई आली, दारातच उभी राहिली, आणि म्हणाली, "दीदी, तुम भी बिक गईं?" इंदूने तिला आत बोलावून, सूक्ष्मदर्शकासमोर बसवून, चमकणारा ठिपका दाखवायचा प्रयत्न केला. गुलाबबाईने बघितलं नाही. निघून गेली. मीही त्या दिवसांत इंदूशी धड बोलत नव्हते. स्टाफरूममध्ये ती एका टोकाला डबा खायची, मी दुसऱ्या टोकाला. आज त्याची मला लाज वाटते... तिला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा मी माझा राग कुरवाळत बसले होते.

माझा अबोला तिनेच मोडला. एके दिवशी माझ्या टेबलावर कोऱ्या स्लाइडची पेटी ठेवली आणि म्हणाली, "रुसून झालं असंल तर नंबर टाकून दे. मला माहीत नाही पायजे की कोणती स्लाइड कुठली आहे." तिचं म्हणणं होतं की मागच्या वेळी नुसता रंग नडला नाही. नाल्याच्या माशात ठिपके सापडावेत अशी तिची इच्छा होती, आणि इच्छा असली की डोळे फितूर होतात. म्हणून या वेळी स्लाइडवर नंबराशिवाय कुठलीच खूण नसेल. नंबर मी टाकणार, कोणता नंबर कुठल्या पाण्यातला हे फक्त मला माहीत असणार, आणि मोजणी संपेपर्यंत मी तिला ते सांगायचं नाही. त्या वर्षभरात मी तिच्याकडून जेवढं शिकले तेवढं कुठल्या पुस्तकातून शिकले नव्हते.

मासे या वेळी तिने नाल्यातून धरून आणले नाहीत. तळ्यातले निरोगी मासे घेतले, त्यांचं रक्त आधी तपासलं, आणि जाळीच्या पिंजऱ्यांत घालून निम्मे कारखान्यांच्या वरच्या बाजूला आणि निम्मे खालच्या बाजूला पाण्यात ठेवले. पन्नाशी उलटलेली ती बाई साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरायची. दोनदा पिंजरे कुणीतरी कापून टाकले. पहिल्यांदा ती नुसती हसली आणि नवे पिंजरे बनवले. दुसऱ्यांदा पिंजऱ्यांशेजारी काठावर सतरंजी टाकून बसली, तीन दिवस, सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. तिथेच उत्तरपत्रिका तपासायची. तिसऱ्या दिवशी गुलाबबाई आली आणि काही न बोलता सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग तिच्या घरची माणसं आळीपाळीने बसायला लागली आणि पिंजरे पुन्हा कापले गेले नाहीत.

मोजणी संपल्यावर मी माझ्या गोदरेजच्या कपाटातून नंबरांची यादी काढली. आम्ही दोघी नंबर लावत गेलो. वरच्या बाजूच्या माशांत ठिपके तुरळक होते, खालच्या बाजूच्या माशांत कितीतरी पट. मला वाटलं इंदू आनंदाने काही बोलेल. "बिचारे मासे," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

नवा अहवाल गेल्यावर सरकारी कार्यालयात सुनावणी झाली, तिला कारखान्यांकडून एक बाहेरगावचे तज्ज्ञ आले होते. पांढऱ्या केसांचे, अदबीने बोलणारे. त्यांनी हिंदीत सांगितलं की मॅडमना मागच्या वेळी रंगाचे कण दिसले होते, या वेळीही तेच नसतील कशावरून? सगळ्यांनी इंदूकडे बघितलं. ती उभी राहिली. "सही सवाल है," ती म्हणाली. "मेरी गलती थी, मैंने लिख के दी है. इसलिए इस बार आप गिनिए." सगळ्या स्लाइड तिने त्यांच्यासमोर ठेवल्या. यादी शैला मॅडमकडे आहे, तुमची मोजणी संपल्याशिवाय ती कुणालाही दिसणार नाही, एवढंच तिने सांगितलं. कारखान्यांचे वकील त्यांच्या कानात काही कुजबुजले. पण त्या गृहस्थांनी त्यांना मानेनेच नकार दिला आणि ते मोजायला तयार झाले. चार दिवस ते आमच्या प्रयोगशाळेत बसून होते. फोकस वरखाली करून एकेक ठिपका तपासताना मी त्यांना बघितलं आहे. इंदू त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी आपले आकडे लिहिले, मी यादी काढली. त्यांचे आकडे इंदूच्या आकड्यांपेक्षा किंचित कमी होते, पण निष्कर्ष तोच. त्यांनी सही केली. जाताना इंदूला म्हणाले, "मैडम, आपने पहली रिपोर्ट वापस न ली होती तो मैं ये स्लाइड छूता भी नहीं." ज्यांच्या बाजूने ते आले होते त्यांनी त्यांना परत कधी बोलावलं नसणार. त्या माणसाला मी मानते.

नाल्यात पाणी सोडणारे पाइप बंद झाले. शोकसभेत हे सांगितलं गेलं, बरोबर आहे. पण त्यानंतर काय झालं ते कुणी सांगितलं नाही. बातमी पसरली तशी त्या भागातल्या माशांना गिऱ्हाईक राहिलं नाही. गुलाबबाई पुन्हा आली. या वेळी रागावली नव्हती, थकली होती. "दीदी, तुम तो लिख के घर चली गईं. अब हमारी मछली कौन लेगा?" दोन दिवस इंदू जेवली नाही, असं शरदरावांनी मला सांगितलं. मग तिने नाल्याच्या वरच्या अंगाच्या एका मोठ्या तलावातले मासे तपासले. गुलाबबाई आणि तिच्या शेजारणी तिथून मासे आणायला लागल्या, आणि दर रविवारी सकाळी इंदू कांचघरच्या बाजारात गुलाबबाईशेजारी पाटावर जाऊन बसायला लागली. घरात कांदा-लसूणसुद्धा बेताने वापरणारी ही बाई, मासा तिने जन्मात चाखला नव्हता. गिऱ्हाईक आलं की ती सांगायची, "मैं खाती नहीं, पर मैंने जाँची है. इस तालाब की मछली में मुझे खराबी नहीं मिली." आमच्या मराठी मंडळात मोठी चर्चा झाली. हळदीकुंकवाला एकीने तोंडावर विचारलं, "इंदूताई, तुम्ही मासळीबाजारात बसता म्हणे?" इंदू म्हणाली, "हो ना. तुमच्या घरी कोणी खात असंल तर पाठवा." पाच-सहा महिने ती बसत राहिली. गिऱ्हाईक हळूहळू परतलं, आणि एका रविवारी गुलाबबाईनेच तिला सांगितलं, "अब घर में आराम करो दीदी, अब हम देख लेंगे."

कॉलेजने तिच्याकडून प्रयोगशाळा काढून घेतली ती त्याच वर्षी. दुरुस्तीसाठी म्हणून खोली रिकामी करवली आणि परत दिलीच नाही. तिने अर्ज केले, भांडली, प्राचार्यांच्या दारासमोर खुर्ची टाकून बसली, आणि शेवटी हरली. हेही लिहायला हवं, कारण ती सगळीकडे जिंकली असं सांगणं हाही एक खोटेपणाच होईल. निवृत्तीनंतर तिने स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला आणि घरामागची पडवी बंद करून खोली केली. तलावाच्या वरच्या अंगाला कुठेतरी नवे कारखाने येणार असल्याचं कानावर आलं होतं, आणि नंतर तुलना करता यावी म्हणून ते यायच्या आधीचे आकडे तिला हवे होते. गुलाबबाई दरवर्षी मासे आणून द्यायची आणि शेवटपर्यंत इंदू ते आकडे गोळा करत होती.

गेल्या आठवड्यात शरदरावांनी मला बोलावलं. पडवीच्या त्या खोलीत मी इंदू गेल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं. उत्तरेकडची खिडकी, खाली एक बुटकं स्टूल, भिंतीशी स्लाइडच्या पेट्या. शेवटच्या पेटीतल्या स्लाइड रंगवून झालेल्या होत्या, मोजायच्या राहिल्या होत्या. आदल्या दिवशी गुलाबबाई येऊन गेली होती. तिने विचारलं होतं की या वर्षीचे मासे आणायचे की नाही, आणि शरदरावांना काय सांगावं ते कळलं नव्हतं.

मी स्टुलावर बसले. सूक्ष्मदर्शकात डोळे घातले तर मला दोन वेगवेगळी वर्तुळं दिसली, एकमेकांवर अर्धवट चढलेली. काही केल्या एक होईनात. इंदूचे डोळे माझ्यापेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ होते, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिच्या डाव्या डोळ्याची नजर वेगळी झाली होती. सगळं तिच्या डोळ्यांना बेतून लावलेलं होतं.

"ते तिने लावलेलं आहे," शरदराव मागून म्हणाले. "मी धूळसुद्धा पुसली नाही. हलेल म्हणून."

खिडकीतून पेरूचं झाड दिसत होतं. शरदराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते... मग मी त्यांना म्हटलं, "शरदराव, हे असंच राहिलं तर यातून कुणालाच काही दिसणार नाही."

ते आत गेले आणि मऊ फडकं घेऊन आले. भिंगं त्यांनीच पुसली, सावकाश, एकेक. पुसून झाल्यावर बाजूला सरले आणि म्हणाले, "फिरवा."

मी दोन्ही नळ्या धरून बाहेरच्या बाजूला सरकवल्या. वर्तुळं हलली, एकमेकांत शिरली, आणि एक झाली. डावीकडची कडी फिरवल्यावर जांभळट पेशी स्वच्छ दिसायला लागल्या. गुलाबबाईला मासे आणायचा निरोप द्या, असं मी शरदरावांना सांगितलं, वही ओढून घेतली आणि पहिल्या ओळीपासून मोजायला सुरुवात केली.